कोहळा

बरबँक, कॅलिफोर्निया. स्टुडिओला खिडकी नाही.
पडद्यावर क्लोव्हर जिना उतरते आहे,
चार फुटांची, निळा फ्रॉक, सिलिकॉनचे गाल,
बुबुळात एवढासा हिरवा दिवा.
तिची पावलं म्हणजे मी.
बावन्न वर्षांची, उजव्या गुडघ्याला पट्टा.
माझा पाय इतका लहान की पोरींच्या दुकानातला बूट बसतो;
लग्नात त्यावर विनोद झाले,
इथे त्यावर पोट चाललं.

बाहुलीला स्वतःचा आवाज नसतो.
मान वळते तेव्हा मिरपुडीची जुनी गिरणी.
पापणी मिटते तेव्हा कुंकवाच्या करंड्याचं झाकण.
ती विचार करते तेव्हा काय वाजवायचं
यावर केडनशी दोन दिवस वाद.
केडन दिग्दर्शक, सत्तावीस वर्षांचा. म्हणाला, शांतता ठेवा.
म्हटलं, कुणाची? माणसाची की फ्रिजची?
शेवटी फ्रिज घेतला,
माझ्याच घरचा, रात्री दोनचा.

सुरी येते चौथ्या रिळात.
बाकीचे कलिंगड घेतात. कलिंगडात पाणी फार, आवाज सांडतो.
कोबी कोरडा, नुसता कुरकुरतो.
मी अल्हांब्राला चिनी दुकानात जाते,
एकेक कोहळा कानाशी धरून टिचकी मारते.
गल्ल्यावरची बाई विचारते, सूप?
मी म्हणते, हो, सूप.

आमच्याकडे बाईनं अख्खा कोहळा कापायचा नसतो.
पहिली सुरी पुरुषानं लावायची,
मग फोडी करत बसायला ती मोकळी.
त्यात जीव धरलेला असतो.
बकऱ्याच्या जागी कोहळा,
बकरा कुणाच्या जागी, ते कुणी विचारत नाही.
हे वार्तानला सांगितलं. तो मिक्सर, ग्लेन्डेलचा आर्मेनियन.
काच सरकवून आत आला,
रेकॉर्डिंग बंद असताना पहिला वार त्यानं केला.
आमच्यात कोकरू असतं, एवढंच म्हणाला
आणि मिशी पुसत परत जाऊन बसला.

पुढचे सगळे माझे.
आयाबाईचा, उशीतून गेलेला.
शेजाऱ्याचा, घाईतला, बरगडीला अडकून निसटलेला.
आणि क्लोव्हरला बनवणाऱ्या इंजिनिअरचा.
तो केडनला सावकाश हवा होता.
बिया हातावर आल्या, थंड.
मी तो एकोणीस वेळा केला.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र:
माझ्या अकरा वर्षांच्या फायली,
पावलं, दारं, परकराची सळसळ, सगळे कोहळे
एका यंत्राला ऐकवण्यात आले आहेत.
करारात कलम सतरा होतं म्हणे.
सोबत चेक, सहाशे डॉलर.
आवळा देऊन...
म्हण पुरी नाही करत. वार्तानला समजावून सांगायला वेळ लागेल.

दुसऱ्या भागाची क्लोव्हर यंत्रानं चालवली.
वार्ताननं हेडफोन माझ्या कानांवर ठेवले
आणि स्वतः भिंतीकडे बघत राहिला.
चांगली होती. खोटं कशाला बोलू.
टाच आधी, मग चवडा, लाकडाला मधे किंचित दम.
फक्त दर तिसऱ्या पायरीवर
एक बारीक कट्.
मी थांबवून परत ऐकलं. परत.
बूट नव्हे, फळी नव्हे.
माझा गुडघा.
अकरा वर्षं तो फायलींतून कापून काढता काढता
कुठे कुठे राहून गेला असणार,
आणि त्या बिचाऱ्या यंत्राला वाटलं
चालणं म्हणजे हेच.
केडनला तो कट् फार आवडला.
म्हणाला, काळजात भरते, ठेवा.

जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आहे.
त्यानंतर तो आवाज माझ्यात नसेल.

उरलेल्या कोहळ्याच्या वड्या केल्या,
साखर जरा पुढे गेली, कडा लाल झाल्या.
वार्तानला डबा दिला.
झाकण उघडण्याआधी त्यानं
तो कानाशी नेला.